फाट्यावरची जागा

माझ्या नोकरीचं नाव मला घरी नीट सांगता आलं नव्हतं. अजूनही येत नाही. ऑफर लेटरवर 'सिक्युरिटी अ‍ॅनालिस्ट' असं होतं. आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ते हॉटेलात बसलेल्या सगळ्यांना वाचून दाखवलं. आमचं रोजचं गिऱ्हाईक म्हणजे एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हरकाका. ते बशीतला चहा तसाच धरून म्हणाले, "सिक्युरिटीत लागली व्हय? मग शिट्टी दिली का न्हाई आजून?"

"कॉम्प्युटरची सिक्युरिटी हाय ती," आण्णा म्हणाले.

"आता कॉम्प्युटर उचलून न्यायला कोण येतंय?"

सगळे हसले. आण्णाही हसले, पण त्यांनी दोनदा हात पुसून मग कागदाची घडी केली.

हॉटेल म्हणजे किकवीत हायवेच्या कडेला आमचं पत्र्याचं शेड. चहा, वडा, सकाळी मिसळ. पुण्याहून साताऱ्याकडं जाणारी गाडी हात दाखवल्यासारखी थांबायची, माणसं पाय मोकळे करायची, चहा प्यायची. मी त्या चहावर शिकले. किकवीतून भोरला एसटीनं जाऊन येऊन बी.एस्सी. केलं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, त्यामुळं कॉलेजात काय विचारायचं असतं आणि काय विचारायचं नसतं, हे मला उशिरानं कळत गेलं. नोकरीतही तसंच झालं. मीटिंगमध्ये लोक कर्ज, तारण, व्याज यांवर बोलायचे तेव्हा मी मान हलवायचे आणि नंतर शोधत बसायचे. म्हणून आता नोकरी सांभाळून बाहेरून अर्थशास्त्रात एम.ए. करतेय. हे सगळं लिहितेय ते मात्र अभ्यासाबद्दल नाही. फाट्यावरच्या एका जागेबद्दल आहे, जी आण्णांना मिळू शकली असती.

आधी काम सांगते. आमची कंपनी छोटी आहे, पुण्यात. परदेशातल्या काही संस्था आपला पैसा डिसेंट्रलाइज्ड फायनान्समध्ये ठेवतात. ऑफिसात सगळे त्याला 'डीफाय' म्हणतात. बँक नसलेली बँक म्हणा. मॅनेजर नाही, काउंटर नाही. कर्ज देण्याघेण्याचे नियम प्रोग्रॅममध्ये लिहिलेले असतात आणि तो प्रोग्रॅम कुणालाही वाचता येतो. कुठून कुठं काय गेलं तेही जगाला दिसतं. फक्त एकदा चुकीच्या हातात गेलं, की परत मागायला कुणाचं दार नाही. चोरी झाल्यावर माग काढणारे वेगळे असतात. आमचं काम त्याच्या आधीचं. उघड्यावर दिसणाऱ्या खुणा गोळा करायच्या, पुढं काय होईल याचा अंदाज बांधायचा आणि ज्यांना निर्णय घ्यायचा आहे त्यांना वेळेत लिहून द्यायचं. स्ट्रॅटेजिक इंटेलिजन्स हे त्याचं मोठं नाव.

आमच्या टीमच्या मॅडम मूळच्या विदर्भातल्या. बोलणं सडेतोड. नव्या मुलांना त्या पहिल्यांदा एक सराव द्यायच्या: आपापल्या गावाबद्दल उघड कागदांतून काय कळतं ते काढा, कुणाला फोन करायचा नाही. मी किकवी घेतलं. टेंडरच्या नोटिसा, रस्त्याचे नकाशे, ग्रामपंचायतीचे ठराव असं वाचत गेले, आणि एका नकाशात मला आमच्यासमोरून जाणारा उड्डाणपूल दिसला. गाड्या वरून जाणार होत्या. खाली एक अरुंद सर्व्हिस रोड. जिथं आमचं शेड आहे त्याच्या समोर पुलाची भिंत. गाड्या खाली उतरणार त्या थेट पुढं, भोरकडं वळणाऱ्या फाट्याजवळ.

मी ते लिहिलं. अगदी स्वच्छ लिहिलं: पूल झाल्यावर या पट्ट्यातली रस्त्याकडेची हॉटेलं चालणार नाहीत. ज्यांना टिकायचं आहे त्यांनी फाट्याजवळ आत्ताच जागा घ्यावी. मॅडमनी ते सगळ्यांना वाचून दाखवलं. "बघा, असं लिहायचं. पहिल्याच ओळीत." मला इतका आनंद झाला होता, की त्या पट्ट्यातल्या एका हॉटेलात माझी आई कांदा चिरत असते हे त्या क्षणी मला आठवलंसुद्धा नाही.

आठवलं ते संध्याकाळी, कात्रजच्या स्टॉपवर गाडीची वाट पाहताना.

आता मी जे केलं ते का केलं, हे सांगायला मला जरा मागं जावं लागेल.

आमच्याकडं वाईट गोष्ट तोंडानं बोलत नाहीत. घराबाहेर पडताना 'जाते' म्हणायचं नाही, 'येते' म्हणायचं. तिन्हीसांजेला तर अजिबात काही अभद्र बोलायचं नाही, वास्तू तथास्तु म्हणते. आणि कुणी गेलं, तर फोनवर कुणी 'गेले' म्हणत नाही. 'जरा सिरियस हायेत, निघून या,' एवढंच सांगतात. ऐकणाऱ्याला कळतं.

मी लहान असताना वेल्ह्याहून असा फोन आला होता, आईच्या वडिलांबद्दल. आईनं फोन ठेवला, स्टोव्ह बंद केला आणि ट्रंकेतून फिकट लुगडं काढलं. जीप करून आम्ही नसरापूरवरून वेल्ह्याला निघालो. तोरणा दिसायला लागला तसा मी विचारलं, "आजोबांना कुठल्या दवाखान्यात ठेवलंय?" आईनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मावशी खिडकीबाहेर बघत राहिली. सगळ्या जीपमध्ये मी एकटीच होते जिला आजोबा अजून आजारी वाटत होते. त्या दिवशी मी हे शिकले, की मोठी माणसं वाईट गोष्ट बाजूनं सांगतात आणि ज्याला समजायचं त्याला समजते. पुढं मलाही तसंच जमायला लागलं. मी मोठी झाले म्हणजे एवढंच झालं असावं.

तर त्या रविवारी मी घरी गेले. आण्णा वडे तळत होते. ड्रायव्हरकाका त्यांच्या ठरलेल्या बाकड्यावर. मी म्हटलं, "आण्णा, फाट्यावरची ती गाळ्याजवळची जागा भाड्यानं द्यायचीय म्हणं. बघायची का?"

"का? हितं काय काटं आलं का?"

"न्हाई. तिथं गाड्या उतरत्यात, म्हणून म्हटलं."

"फाट्यावर गिऱ्हाईक हुबं ऱ्हातं," ड्रायव्हरकाका म्हणाले, "बसत न्हाई. लक्ष एसटीकडं, हातात पिशवी. चा कधी प्याचा त्यानं? म्या जलम काढलाय फाट्यांवर."

"व्हय, तेबी खरंय," आण्णा म्हणाले. मग माझ्याकडं बघून, "कुणी काय म्हणलं का तुला?"

इथं मला सांगता आलं असतं. तेल कडकडत होतं, आई आतून बघत होती, दुपारच्या गाड्या थांबायला लागल्या होत्या. मी म्हटलं, "न्हाई, सहज."

पुढच्या खेपेलाही मी तेच केलं. "रस्त्याचं काई काई चाललंय म्हणं." "चालतंय की," आण्णा म्हणाले, "ह्यो रस्ता कवा पुरा झालाय?" दिवाळीत म्हटलं, "हायवेचा काय भरवसा न्हाई, आण्णा." ते हसले. "भरवसा कशाचा हाय, बाळ?" दरवेळी परत येताना गाडीत मला वाटायचं, की मी सांगितलंय. त्यांच्या कानावर घातलंय. ते समजून घेतील. आमच्याकडं असंच तर सांगतात.

त्याच काळात ऑफिसात मला पहिलं खरं काम मिळालं. कर्ज देणारा एक प्रोग्रॅम होता, त्यात आमच्या एका क्लायंटचा पैसा. त्याचे नियम बदलायचे तर ठरलेल्या लोकांपैकी बहुतेकांनी सही करायची, असं बंधन होतं. दूध सोसायटीच्या चेकवर चेअरमन आणि सेक्रेटरी, दोघांची सही लागते तसं. मी त्या सह्या बघत बसले. त्या नेहमी एकामागोमाग एक यायच्या, श्वास घ्यायलाही न थांबता. प्रत्येक सहीला जो थोडा खर्च येतो, तो सगळ्यांचा एकाच ठिकाणाहून भरला जात होता. नावं वेगवेगळी होती, पण हात एकच होता. म्हणजे त्या एका माणसाचा लॅपटॉप कुणाच्या ताब्यात गेला, की सगळं गेलं.

मला ते कळलं होतं. मी रिपोर्टात लिहिलं, की सह्यांच्या व्यवस्थेबाबत काही बाबी लक्ष देण्याजोग्या वाटतात, सवडीनं त्यांचा आढावा घेतल्यास बरं होईल. तेही शेवटच्या पानावर, चांगलं सगळं सांगून झाल्यावर. मॅडम त्या आठवड्यात रजेवर होत्या, त्यामुळं रिपोर्ट तसाच गेला. इंग्रजीत लिहिलं होतं, पण बोलणं आमच्या घरचंच होतं. मला खरंच वाटलं, वाचणारा समजून जाईल.

त्यानं समजून घेतलं नाही. त्यानं सवडीनं आढावा घ्यायचं ठरवलं. मग एका सकाळी तो प्रोग्रॅम रिकामा झालेला आम्ही सगळ्यांनी स्क्रीनवर बघितला. पैसा एका वॉलेटमधून दुसऱ्यात, दुसऱ्यातून पुढं जाताना दिसत होता, आणि हात लावायला काही नव्हतं. क्लायंटचा मेल आला. तुम्ही आम्हाला सांगितलं नाही, एवढंच त्यात होतं.

मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं. माझं शेवटचं पान त्यांच्यासमोर होतं.

"तुला दिसलं होतं?"

"हो."

"मग हे काय आहे? पेशंट गेलाय आणि तू लिहितेस, जरा अशक्तपणा वाटतोय!"

मला रडू येत होतं, म्हणून मी भलतंच बोलायला लागले. सिरियस आहे म्हणून येणाऱ्या फोनचं सांगितलं, वेल्ह्याच्या जीपचं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "अगं बाई, क्लायंट किकवीचा आहे का?" त्यांचा आवाज रागावलेला नव्हता. त्या पुढं म्हणाल्या, "तुझ्या त्या जीपमधलं सगळ्यात लहान पोर वाचणार आहे असं समजून लिहीत जा."

मी खाली मान घालून बाहेर आले. जागेवर बसल्यावर मला क्लायंट नाही, आण्णा दिसले. 'कुणी काय म्हणलं का तुला?' असं विचारणारे. मला वाटत होतं की किकवीच्या माणसाला तरी बाजूनं सांगितलेलं कळतं. पण मरणाच्या फोनला निदान 'निघून या' असतं. माझ्या बोलण्यात तेही नव्हतं. मी 'सहज' म्हटलं होतं.

त्या रविवारी घरी पूजा होती. आण्णांनी जुनं शेड पाडून मोठं बांधलं होतं. नवा पत्रा, फरशी लावलेला काउंटर, रस्त्याकडं तोंड केलेला मोठा बोर्ड. बांधायला काढलंय हे मला फोनवर कळलं होतं, आणि तेव्हाही मी 'छान' म्हटलं होतं. सत्यनारायण मांडला होता. केळीचे खुंट बांधले होते. भटजी यायचे होते, शेजारपाजारची माणसं सतरंजीवर बसली होती. आण्णांनी नवा सदरा घातला होता, त्याच्या घड्या अजून मोडल्या नव्हत्या.

मी एसटीतून उतरले ती सरळ त्यांच्यासमोर गेले. सगळ्या प्रवासात एकच वाक्य घोकलं होतं, पहिल्याच ओळीत सांगायचं.

"आण्णा, हितं पूल होणार हाय. गाड्या वरनं जाणार. हाटेल चालणार न्हाई."

आई पळत आली. "काय गं ही! पूजेच्या वक्ताला कुठलं तोंड घेऊन आलीस!" तिनं प्रसादाच्या पातेल्यातला शिरा बोटांवर घेतला आणि माझ्या तोंडात कोंबला. "गोड बोल आदी, गोड बोल." नैवेद्य अजून दाखवलेला नव्हता. आईनं हयातीत असं कधी केलं नव्हतं.

"वाजली शिट्टी सिक्युरिटीची!" ड्रायव्हरकाका म्हणाले. त्यांना प्रसंग सावरायचा होता, मला माहीत आहे. दोन-चार जण हसलेही.

आण्णा हसले नाहीत. त्यांनी मला पुलाबद्दल काही विचारलं नाही, खरं का खोटं तेही नाही. ते म्हणाले, "ह्ये तुला कवा कळलं?"

तोंडात शिरा होता. तो गिळून मी म्हटलं, "दिवाळीच्या आदी."

"दिवाळीच्या आदी," ते म्हणाले. "तवा फाट्यावरची जागा..." ती जागा तोवर एका मोबाईलवाल्यानं घेतली होती. भटजी आले. आण्णांनी सदऱ्याची बाही सारखी केली आणि पाटावर जाऊन बसले. पूजा पूर्ण झाली. त्यांनी प्रत्येकाला हातानं प्रसाद दिला. मलाही दिला.

ते मला कधी रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, असं मी अनेकदा मनात म्हटलंय, पण तेही खरं असेल की नाही कुणास ठाऊक. फक्त त्यानंतर त्यांना एक सवय लागली. मी काहीही सांगितलं की ते विचारतात, "ह्ये आत्ता ठरलं, का आदीच?" शनिवारी येत नाही म्हटलं, परीक्षेची तारीख सांगितली, साधं डोकं दुखतंय म्हटलं, तरी तेच. आवाजात टोमणा नसतो. त्यांना खरंच माहीत करून घ्यायचं असतं. मी प्रत्येक वेळी उत्तर देते.

पूल झाला. आधी पत्रे उभे राहिले, मग धूळ, मग भिंत. नवा बोर्ड भिंतीकडं बघत राहिला. मजूर होते तोवर चहा खपला, मजूर गेल्यावर तेही संपलं. ऑफिसात माझं बरं चाललंय. आता माझ्या रिपोर्टात वाईट बातमी पहिल्या ओळीत असते, आणि कधी कधी लोक ती वाचून वेळेत बाहेर पडतात. असा मेल आला की मॅडम तो मला पुढं पाठवतात, आणि मला सगळ्यात आधी ते शेड आठवतं. हे कुणाला सांगता येत नाही.

गेल्या महिन्यात ऑफिसात असताना आण्णांचा फोन आला. कामाच्या वेळेत ते कधी फोन करत नाहीत.

"जरा येतीस का?"

"काय झालं, आण्णा? आई बरी हाय ना?"

"आई बरी हाय. हाटेलाचं जरा सिरियस हाय. निघून ये."

मी पुढं काही विचारलं नाही. बॅग घेतली आणि निघाले.

गाडीत गर्दी होती. "किकवीवाले आलीकडंच उतरा, गाडी पुलावरनं जाती," कंडक्टर म्हणाला होता, पण माझं लक्ष नव्हतं. गाडी पुलावर चढली आणि मला पहिल्यांदा आमचं शेड वरून दिसलं. उन्हात चमकणारा पत्र्याचा लांबट चौकोन, बाजूला सर्व्हिस रोडची पट्टी, भिंत. नकाशात होतं अगदी तसंच.

फाट्याजवळ उतरले. मोबाईलच्या दुकानासमोर उसाच्या रसाची गाडी लागली होती, आणि तिच्याभोवती माणसं उभ्या उभ्या रस पीत होती. तिथून मागं चालत आले.

बोर्ड उतरवून भिंतीला उलटा टेकवला होता. भांडी पोत्यात भरलेली. ड्रायव्हरकाका त्यांच्या बाकड्यावर बसले होते, ते बाकडं तेवढं कुणी उचललं नव्हतं. आई आत झाडत होती. सगळे असे हळू बोलत होते, की मीही चप्पल बाहेर काढली.

"फाट्याकडनं कशी आलीस?" आण्णांनी विचारलं.

"उतरायचं ऱ्हायलं. गाडी वरनं गेली."

"मग दिसलं का वरनं?"

"दिसलं."

त्यांनी मान हलवली. शेगडी अजून पेटलेली होती. त्यांनी पातेल्यात शेवटचा चहा टाकला, आमच्या सगळ्यांपुरता, आणि तो उकळेपर्यंत त्याच्याकडं बघत उभे राहिले. मग पहिला कप मला दिला.

"म्या काल सकाळीच ठरिवलं," ते म्हणाले. मी विचारलं नव्हतं.